तांबडीचा हिवाळा

शारजाहहून खोर फक्कानला जाणाऱ्या रस्त्यावर डोंगरातले बोगदे लागतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना समुद्र दाखवायला आम्ही निघालो होतो. शुभांगीनेच आग्रह केला होता, "जाऊन ये गं, मी कुठे पळून जात नाहीये." आदल्या दिवशी ती उशीला टेकून बसली होती, वाटीभर पेज प्यायली होती, म्हणून मी निघाले. शेवटच्या बोगद्यातून गाडी उजेडात आली आणि मांडीवरचा फोन वाजला. समोरच्या घरातल्या रवीभाऊंचा, शुभांगीच्या नवऱ्याचा मेसेज होता. दोनच शब्द... "शुभांगी गेली." मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. मागून पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, "आला का समुद्र?" आम्ही तिथूनच परत फिरलो.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. शारजाहच्या अल मजाज भागात खाडीच्या काठावरच्या एका टॉवरमध्ये आमची दारं समोरासमोर आहेत. विरजण, कढीपत्ता, मुलांच्या गणिताच्या शंका, सगळं या दारातून त्या दारात जायचं. शुभांगी मूळची मिरजेची. लग्नाआधी सांगलीच्या एका कॉलेजात झूऑलॉजी शिकवायची. रवीभाऊंची इथे कन्स्ट्रक्शन कंपनीत नोकरी, त्यांच्यामागून ती आली, सई झाली, आणि इथल्या बहुतेक शिकलेल्या बायकांचं होतं तेच तिचं झालं. डिपेंडंट व्हिसा, मुलीची शाळा, मंडळाच्या गणपतीला मोदक. सई कॉलेजसाठी पुण्याला गेली तेव्हा शुभांगीने एक जाहिरात पाहिली. शारजाहच्या बाहेर, धैदच्या रस्त्याला, सालेम नावाच्या एका अमिराती गृहस्थांचा खाजगी, रीतसर परवान्याचा प्राणिसंग्रह आहे. हरणं, ससाणे, कासवं, आणि एका बैठ्या इमारतीत साप. त्या सापांकडे बघायला माणूस हवं होतं. सालेमनी तिला विचारलं, "इतने साल घर पे थे, अभी साप पकड सकते?" ती म्हणाली, "सर, पोळी लाटणं आणि साप धरणं हात विसरत नाहीत." हे ती हिंदीत कसं म्हणाली असेल देव जाणे, पण नोकरी मिळाली. सालेम तिला पहिल्या दिवसापासून 'उस्ताझा' म्हणू लागले. म्हणजे बाई, शिक्षिका. त्या शब्दाने ती फार सुखावली होती. सांगली सुटल्यापासून तिला तसं कुणी म्हटलं नव्हतं.

मंडळात ही बातमी पसरल्यावर बायकांनी तिला घेरलं. तिच्याकडे मिल्क स्नेक नावाचे साप आहेत हे कळल्यावर तर हमखास प्रश्न यायचा, दूध पाजता का? ती शांतपणे सांगायची, "उंदीर खातात. तेही मेलेले, फ्रीझरमधले." मग वर पुस्ती जोडायची, "तिकडे अमेरिकेत गोठ्यात उंदरांसाठी यायचे, लोकांना वाटलं गाईचं दूध पितात. सापांवर आळ घेण्यात सगळे देश सारखेच." बिनविषारी साप, लाल अंगावर काळे आणि फिकट पिवळे पट्टे, एखाद्या पैठणीच्या काठासारखे. त्यातली एक जोडी तिने बोटाएवढी असल्यापासून वाढवली होती. मादीला ती तांबडी म्हणायची आणि नराला नवरोबा. बाकीच्या सापांना तिने नावं दिली नव्हती.

आणि घरी खरा नवरोबा सापांना मरणाचा भ्यायचा. हे मी थट्टेने लिहीत नाही. रवीभाऊ कोकणातले. लहान असताना त्यांच्या सख्ख्या चुलतभावाला गवत कापताना फुरसं चावलं होतं. त्याला डोलीतून नेताना हे बरोबर चालत होते, आणि तो वाटेतच गेला. त्यानंतर टीव्हीवर साप दिसला तरी ते उठून जायचे. शुभांगीला आणायला धैदला जायचे तेव्हा फाटकाबाहेर गाडीत बसून राहायचे, काचा वर करून. ती त्यांना त्यावरून कधी हसली नाही. "भीती आपापल्या जागी खरी असते," म्हणायची. "माझ्या हातात साप असतो तेव्हा त्याला माझी वाटते, तशीच."

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. तांबडी वयात आली होती, आणि सालेमना पिलं हवी होती. मी त्या दिवशी सहज तिच्याबरोबर गेले होते. सालेम पायघोळ पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात दारात उभे राहिले आणि म्हणाले, "उस्ताझा, इस साल बच्चा?" शुभांगीने तांबडीला उचललं, तिच्या पाठीवरून एक बोट फिरवलं, आणि मान हलवली. "नहीं अरबाब. अगले साल." अरबाब म्हणजे मालक. मला तिने नंतर समजावलं होतं. पाठीचा कणा घराच्या आढ्यासारखा वर दिसतोय, म्हणजे अंगात साठा नाही. अंडी त्या साठ्यातूनच होतात. "मग ती अंडी घालणार नाही का?" मी विचारलं. "घालेल ना. तोच तर घोळ आहे," ती म्हणाली. "अंगात नसलं तरी हाडं झिजवून घालेल, आणि मरेल. ती नाही म्हणू शकत नाही गं. म्हणून आपण म्हणायचं." सालेम थोडे हिरमुसले. जाताना म्हणाले, "अगला साल अल्ला के हाथ में है, उस्ताझा." तीही म्हणाली, "इन्शाल्ला." आम्ही इथे हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो, लिफ्ट दुरुस्त होईल का या प्रश्नावरसुद्धा. त्या दिवशी मला तो तसाच वाटला होता.

ते वर्ष तिने तांबडीला भरवण्यात घालवलं. घाई न करता, पचेल तेवढं. उन्हाळ्यात एकदा मला व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं होतं, "बघ, पाठ कशी भरली." त्याच सुमाराला ती स्वतः मात्र वाळत चालली होती, आणि पोट फुगतंय म्हणत होती. आम्ही सगळ्यांनी ते वयावर, उकाड्यावर, अ‍ॅसिडिटीवर ढकललं. जुलैत तपासण्या झाल्या. अंडाशयाचा कॅन्सर होता आणि बराच पसरला होता. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. डॉक्टर मल्याळी होत्या, फार मायेने बोलायच्या. घरी काय काय पाळायचं ते सांगताना त्यांनी नोकरी विचारली, आणि उत्तर ऐकून पेनच खाली ठेवलं. सापांच्या अंगावर जंतू असतात. धडधाकट माणसाला त्यांनी विशेष काही होत नाही, पण केमोत प्रतिकारशक्ती उरत नाही. सापांच्या जवळही जायचं नाही, खलास. बाकी सगळं शुभांगीने निमूट ऐकून घेतलं होतं, केस जाणार हेसुद्धा. या एका वाक्यावर मात्र तिचे डोळे भरून आले.

इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर तिचा जीव का अडकला होता ते कळणार नाही. या सापांना पिलं व्हायची तर आधी हिवाळा लागतो. थंडी सोसून उठल्याशिवाय त्यांचं शरीर तयार होत नाही. आता आमच्याकडे कुठला हिवाळा... डिसेंबरात लोक हौसेने स्वेटर घालतात तेवढाच. म्हणून शुभांगीने कोल्ड्रिंकचा एक जुना, काचेच्या दाराचा फ्रिज मिळवला होता, काच काळ्या कागदाने झाकली होती, आणि तपमान सांभाळणारं यंत्र बसवून घेतलं होतं. उन्हाळा सरला की सापांना भरपूर खाऊ घालायचं. मग एकदम जेवण बंद, पण ऊब चालू, म्हणजे पोट पूर्ण रिकामं होतं. पोटात काही राहिलं आणि थंडी लागली तर ते आतच सडतं. मग हळूहळू थंडी वाढवायची, पंधरा-सोळा अंशांपर्यंत, आणि अंधारात ठेवायचं. फक्त पाणी. मधूनमधून वजन करायचं, श्वास ऐकायचा. फेब्रुवारीच्या शेवटी तितक्याच हळू परत उबेत आणायचं. तांबडीचं हे सगळं पहिल्यांदाच व्हायचं होतं. एरवी शुभांगी रजेवर असली की बशीर नावाचा केरळी सहकारी सांभाळायचा, पण त्याच्या वडिलांचं आजारपण निघालं आणि तो लांबच्या रजेवर गावी गेला. सालेम स्वतः भेटायला घरी आले, खजूर घेऊन. म्हणाले, साप कुठे जात नाहीत, हे सगळं पुढच्या वर्षी करू. "अगले साल" हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले, आणि हातातला चहा तसाच ठेवून ते उठले.

ते गेल्यावर मी चहाचे कप उचलत होते. रवीभाऊ खिडकीशी उभे होते. पाठमोरेच म्हणाले, "मी जातो."

"कुठे?" शुभांगीने विचारलं.

"तुझ्या सापांकडे. तू फोनवर सांग, मी करतो."

"रवी, तुला जमणार नाही रे."

"नाही जमलं तर तसं सांगेन," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी त्यांना एकटं पाठवणं तिला बरं वाटेना, म्हणून गाडी मी चालवली. शनिवारची दुपार होती. रवीभाऊंनी साइटवरचे जाड चामडी हातमोजे आणले होते, कोपरापर्यंतचे. त्या बैठ्या इमारतीच्या दारात ते थांबले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मी फोन वर धरला. पडद्यावर शुभांगी, डोक्याला रुमाल बांधलेली, उशांत बुडालेली. "हातमोजे काढ," ती म्हणाली. "मोजे घातले की माणूस जास्त आवळतो. तिला तुझा हात कळू दे." त्यांनी मोजे काढले. तांबडीचा खोका उघडला. ती एका लाकडाच्या ढलपीखाली अर्धी लपलेली होती. "डोक्याकडून नाही. मधोमध, खालून हात घाल. ओंजळीत पाणी घेतल्यासारखं." रवीभाऊंचा हात खोक्याच्या काठापर्यंत गेला, मागे आला, परत गेला. शेवटी त्यांनी तिला उचललं. तांबडी त्यांच्या मनगटाभोवती सावकाश वळली, जीभ बाहेर काढून त्यांच्या अंगठ्याचा वास घेतला. रवीभाऊंनी डोळे मिटले होते. ते उघडून म्हणाले, "कोरडी आहे गं. मला वाटायचं ओलसर, गिळगिळीत असेल..." शुभांगी पलीकडे रडत होती की हसत, ते फोनवर नीट कळलं नाही.

मग तो हिवाळा सुरू झाला. रवीभाऊ ऑफिस सुटलं की धैदला जायचे, दर दोन-तीन दिवसांनी, ट्रॅफिकमधून. शुभांगीच्या केमोच्या तारखा आणि सापांची थंडी, दोन्ही त्यांनी एकाच शांतपणाने सांभाळलं. त्यांच्या कंपनीतले लोक म्हणायचे, "पाटनर, तुम पागल हो गया क्या?" सई पुण्याहून फोनवर म्हणायची, "बाबा, यू डोन्ट हॅव टू डू दिस. मॉम विल अंडरस्टँड." ते म्हणायचे, "माहितीये गं." एवढंच. फ्रिजचं दार लावताना ते हळूच लावायचे, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावावं तसं. मी एकदा तसं बोलून दाखवल्यावर लाजले.

जानेवारीत एक प्रसंग आला. नवरोबाला वजनासाठी उचललं तेव्हा रवीभाऊंना बारीक शिट्टीसारखा आवाज आला, आणि ओठांच्या कडेला एक बुडबुडा दिसला. त्यांनी फोन केला तेव्हा मी शुभांगीजवळ बसले होते. त्या आठवड्यात ती फार थकलेली होती, बोलतानाही दम लागायचा. पण ते ऐकून ताठ बसली. "फोन त्याच्या तोंडाजवळ ने." ऐकलं. मग म्हणाली, "छाती धरलीये. आत्ताच बाहेर काढ. एकदम हीटरखाली नको, आधी खोलीत, मग हळूहळू ऊब. आणि सालेमच्या व्हेटला बोलाव."

"पण त्याचा हिवाळा मधेच मोडेल," रवीभाऊ म्हणाले. आता त्यांनाही सगळं कळायला लागलं होतं. "मग या वर्षी पिलं..."

"नाही झाली तर नाही झाली. आधी त्याला श्वास घेऊ दे."

फोन ठेवून ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मणके एकेक करून हाताला लागत होते. नवरोबा इंजेक्शनांनी हळूहळू सावरला, पण त्यानंतर तो नराचं काम करेल की नाही, हे व्हेटलाही सांगता येईना.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी केमो थांबवली. आता उगाच त्रास देऊ नये, म्हणाल्या. एका दुपारी मी तिच्या केसांना, नव्याने उगवलेल्या त्या मऊ लवेला, तेल लावत होते. बरेच दिवस मनात होतं ते मी विचारून टाकलं. "शुभा, गेल्या वर्षीच केलं असतंस तर तुला पिलं बघायला मिळाली असती. वाटतं का गं कधी?" ती लगेच म्हणाली, "गेल्या वर्षी ती तयार नव्हती. तिला मारून काय बघितलं असतं मी?" नेहमीचा तो बाईंचा आवाज. मग तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. आणि डोळे न उघडताच म्हणाली, "पण बघायचं होतं गं..."

मी तेल लावत राहिले. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, ते बरं झालं.

तांबडीला फ्रिजमधून काढून हळूहळू उबेत आणलं होतं. शुभांगी जायच्या आदल्या दिवशी, मी पेज घेऊन गेले होते तेव्हाच, रवीभाऊ तिला फोनवर एक व्हिडिओ दाखवत होते. तांबडीने हिवाळ्यानंतरचा पहिला घास घेतला होता, अगदी लहानसा उंदीर. शुभांगीने तो व्हिडिओ परत परत बघितला. म्हणाली, "लहानच दे अजून. भूक दिसली तरी." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खोर फक्कानला निघालो...

तिला इथेच निरोप दिला. सई आली होती, मुंबईहून रवीभाऊंची बहीण आली होती. चौथ्या दिवशी सकाळी रवीभाऊ गाडीची किल्ली घेऊन उठले. बहिणीने विचारलं, "सुतकात कुठे निघालास?" "धैदला. खायला द्यायचंय." ती म्हणाली, "अरे, सुतकात साप?" ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "ताई, ते तिचंच राहिलेलं काम आहे." मग सई उठली. लहानपणापासून आईच्या या वेडाची तिला मैत्रिणींत लाज वाटायची, हे तिनेच मला सांगितलंय. चपला घालत म्हणाली, "आय'ल कम विथ यू, बाबा." तांबडी त्या दिवशी सईच्या हातात होती.

मार्चमध्ये तांबडीने कात टाकली. मादी तयार झाल्याची ती खूण. आता फोनवर सांगायला कुणी नव्हतं. बशीर परतला होता, पण तो म्हणाला, भाई, तुमीच करो. या जातीचे साप एकमेकांनाही खातात, म्हणून दोघांना आधी पोटभर खाऊ घालून, काही दिवस जाऊ देऊन, रवीभाऊंनी तांबडीला नवरोबाच्या खोक्यात सोडलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. पहिल्या दिवशी नवरोबा कोपऱ्यात निजून राहिला. दुसऱ्या वेळीही तेच. रवीभाऊ संध्याकाळी येऊन आमच्याकडे बसायचे. माझ्या नवऱ्याने विचारलं की म्हणायचे, "छातीतून उठलाय तो. जबरदस्ती नाही करता येत." बोलणं तिचं, आवाज त्यांचा. तिसऱ्या वेळी नवरोबा हलला. तांबडीच्या मागे मागे खोकाभर फिरला, तिची मान हलकेच तोंडात धरली, आणि दोघं एकमेकांत गुंतून कितीतरी वेळ तशीच राहिली. रवीभाऊंनी मला फोन करून सांगितलं, "झालं, वहिनी."

गेल्या आठवड्यात तांबडीने अंडी घातली. ओल्या शेवाळाच्या डब्यात, एकमेकांना चिकटलेली, पांढरी, लांबट. एक-दोन पिवळी पडलेली आहेत, ती जगणार नाहीत. बाकीची चांगली दिसतात. अंडी उलटी होऊन चालत नाहीत म्हणून रवीभाऊंनी प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक खूण केली आणि उबवणीच्या पेटीत ठेवली. सालेम आले, पेटीच्या काचेतून वाकून पाहिलं. रवीभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. तांबडी बारीक झालीये, पण पाठ अजून बरी आहे. खातेही आहे. अंडी फुटायला अजून वेळ आहे, आणि फुटतीलच असं कुणी सांगू शकत नाही.

त्या दिवशी मीही बरोबर होते. परतल्यावर रवीभाऊ म्हणाले, "चहा टाका वहिनी, मी आलोच." सई पुण्याला परत गेली आहे, घरात आता ते एकटेच असतात. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांनी बूट दाराबाहेर काढले, कशालाही हात न लावता थेट बाल्कनीत गेले, शर्ट वेगळ्या बादलीत टाकला, मग बाथरूमचा नळ बराच वेळ वाहत राहिला. तिच्या आजारपणात हे रोजचं होतं. सापांकडून आलं की आंघोळ केल्याशिवाय तिच्या खोलीत जायचं नाही. तिच्या अंगात कसलाही जंतू झेलायची ताकद नव्हती. आंघोळ झाली की ते बेडरूमच्या उंबऱ्यावर उभे राहायचे आणि दोन्ही हात पुढे करायचे, आधी तळवे, मग मागची बाजू, शाळेत नखं दाखवतात तसे. ती पलंगावरून बघायची, मान हलवायची, आणि म्हणायची, "ये."

चहा उकळत होता. मी वाकून पाहिलं तर रवीभाऊ धुतलेल्या कपड्यांत, ओल्या केसांनी बेडरूमच्या उंबऱ्यावर उभे होते. आत पलंगावरची चादर सरळ घातलेली, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला. त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते. तळवे वर... मग उलटे. तसेच थोडा वेळ उभे राहिले, आणि मग आत गेले.